दोनशे मोठे की पन्नास?

२०२३ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून सव्वा लाख रुपये जमवले. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक उत्तम स्मार्टफोन घ्यावा, त्याने सूक्ष्मदर्शकाखालच्या कांद्याच्या पापुद्र्याचे फोटो काढावेत, चंद्र टिपावा, मुलांना दाखवावा, असा बेत होता. त्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आमच्या परिचयाच्या. त्यांनी त्या वर्षी निघालेल्या तीन आघाडीच्या फोनांची माहिती कागदावर नीट उतरवून आमच्याकडे पाठवली आणि खाली लिहिले, "सर, यातला सर्वांत चांगला कोणता?"

कागदावर सॅमसंगचा गॅलॅक्सी एस-२३ अल्ट्रा होता. कॅमेरा २०० मेगापिक्सेल, भारतातील सुरुवातीची किंमत १,२४,९९९ रुपये. दुसरा गूगलचा पिक्सेल ८ प्रो. ५० मेगापिक्सेल, १,०६,९९९ रुपये. तिसरा ॲपलचा आयफोन १५ प्रो मॅक्स. ४८ मेगापिक्सेल, १,५९,९०० रुपये. हा घ्यायचा तर आणखी वर्गणी काढावी लागणार होती.

कबूल करायला हवे, की आम्ही पहिल्या झटक्यात मोठ्या आकड्याकडेच बोट दाखवले. फोटो काढायचे आहेत ना, मग २०० मेगापिक्सेलचा घ्या, असे कळवून मोकळे झालो. चार दिवसांनी बाईंचा फोन आला. नववीतल्या एका मुलीने विचारले होते, "तेवढ्याच फोनमध्ये चौपट ठिपके बसवले, तर प्रत्येक ठिपका लहान झाला असेल ना? मग फायदा काय?" या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. हिशेब करायला बसलो, तेव्हा आमचा सल्ला किती उथळ होता ते लक्षात आले. तो हिशेब इथे मांडत आहोत, कारण तो शाळेतल्या गणितानेच करता येतो आणि फोन दरवर्षी बदलले तरी करण्याची रीत बदलत नाही.

ठिपक्यांचा हिशेब

कॅमेऱ्याच्या भिंगामागे सिलिकॉनची एक छोटी चकती असते. तिला संवेदक म्हणतात. त्यावर प्रकाश मोजणारे अतिसूक्ष्म चौकोन असतात, ते चित्रबिंदू. दहा लाख चित्रबिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. जाहिरातीत फक्त त्यांची संख्या ठळक असते. एका बिंदूची बाजू किती, हे बारीक अक्षरांत कुठेतरी दिलेले असते. ती शोधली, तर सॅमसंगची ०.६ मायक्रोमीटर, गूगलची १.२ मायक्रोमीटर आणि ॲपलची १.२२ मायक्रोमीटर निघते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता चौरसाचे क्षेत्रफळ काढून संख्येने गुणू या.

सॅमसंग: २० कोटी × ०.६ × ०.६ = ७.२ कोटी चौरस मायक्रोमीटर, म्हणजे ७२ चौरस मिलिमीटर.
गूगल: ५ कोटी × १.२ × १.२ = ७२ चौरस मिलिमीटर.
ॲपल: ४.८ कोटी × १.२२ × १.२२ = सुमारे ७१ चौरस मिलिमीटर.

आकडे पाहून आम्ही थक्क झालो. २००, ५० आणि ४८ असे तीन वेगळे वाटणारे कॅमेरे प्रकाश गोळा करतात तो करंगळीच्या नखाएवढ्या, जवळजवळ सारख्याच जागेवर. शेत तेवढेच, फक्त वाफे कमीजास्त पाडलेले. पाऊस मात्र शेताच्या क्षेत्रफळानुसार मिळणार, वाफ्यांच्या संख्येनुसार नाही. या तिन्ही कॅमेऱ्यांच्या भिंगांचे एफ-अंक १.७, १.६८ आणि १.७८ आहेत. त्यांच्या वर्गांचे गुणोत्तर काढले, तर संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेत जास्तीत जास्त १२ टक्के फरक येतो. म्हणजे 'चौपट' कुठेच नाही.

दाणे टाकून पाहा

वाफे लहान केल्याने तोटा काय होतो, हे वर्गात दाखवता येते. कार्डशीटवर १६ × १६ असे २५६ सारखे चौकोन आखा. मूठभर ज्वारी वरून सैल हाताने विखरू द्या. प्रत्येक लहान चौकोनात किती दाणे पडले ते मोजा. कुठे शून्य, कुठे चार, कुठे एक. दाणे सारखेच विखुरले असले, तरी शेजारच्या चौकोनांत मोठी तफावत दिसेल. मग ४ × ४ चौकोनांचा एक गट धरून बेरजा करा. सोळा गटांच्या बेरजा एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतील.

प्रकाशही असाच कणाकणाने पडतो. एका बिंदूवर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर प्रत्यक्ष संख्या त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १० ने, इकडेतिकडे होते. चढउतार १० टक्के. बिंदू चौथाई आकाराचा केला, तर २५ कण आणि ५ चा चढउतार, म्हणजे २० टक्के. संध्याकाळी काढलेल्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते, तिचे मोठे कारण हेच. सोळा लहान बिंदूंची बेरीज केली, की ४०० कण आणि २० चा चढउतार, म्हणजे ५ टक्के.

कंपन्यांना हे ठाऊक असतेच. म्हणूनच २०० मेगापिक्सेलचा तो कॅमेरा एरवी सोळा-सोळा बिंदूंची बेरीज करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्या सोळा बिंदूंवर रंगीत गाळणीही एकाच रंगाची असते. गूगलचा कॅमेरा चार-चार बिंदू जोडतो आणि तोही १२ च्या आसपास येऊन थांबतो. म्हणजे डब्यावर २०० लिहिलेले असले, तरी ताटात वाढले जाते ते बहुतेक वेळा १२.

प्रकाशाचा ठिपका

बेरीज न करता पूर्ण २०० मेगापिक्सेलचा फोटो काढण्याची सोयही फोनमध्ये असते. भर उन्हात प्रकाशाची कमतरता नसते, तेव्हा तरी फायदा होईल का? इथे विवर्तन आड येते. भिंग कितीही निर्दोष असले, तरी एका ताऱ्याची प्रतिमा एका बिंदूत कधीच मावत नाही. ती छोट्या चकतीसारखी पसरते. या चकतीचा व्यास = २.४४ × तरंगलांबी × एफ-अंक. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर आणि एफ-अंक १.७ धरला, तर व्यास सुमारे २.३ मायक्रोमीटर येतो. चित्रबिंदू ०.६ मायक्रोमीटरचा. म्हणजे प्रकाशाचा लहानात लहान ठिपकाच जवळजवळ चार बिंदू रुंद आहे. जाड खडूने आलेख कागदावर रेघ ओढावी, आणि कागदावर मिलिमीटरच्या खुणा आहेत म्हणून रेघ बारीक झाली असे समजावे, तसे हे आहे. उन्हात थोडा तपशील वाढतो, पण सोळापट वाढत नाही.

डोळ्याला किती दिसते?

हीच कसोटी पडद्याला लावता येते. पडद्यावर एका इंचात सॅमसंगचे सुमारे ५०० बिंदू, गूगलचे ४८९, ॲपलचे ४६०. हा फरक दिसतो का?

फळ्याजवळ एक पांढरा कागद लावा. त्यावर १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये १ मिलिमीटर जागा सोडून आखा. मुलांना एकेक पाऊल मागे जायला सांगा आणि रेघा मिसळून करडा पट्टा दिसू लागेल तेथे खूण करा. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण ३.४ मीटरपर्यंत रेघा सुट्या दिसतात. त्या अंतरावर १ मिलिमीटर जागा डोळ्याशी एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करते. काही मुलांची नजर याहून तीक्ष्ण निघेल, काहींना चष्म्याची गरज आहे हेही याच वेळी कळेल.

आता त्रैराशिक. ३.४ मीटरवर १ मिलिमीटर, तर ३० सेंटिमीटरवर किती? उत्तर सुमारे ०.०९ मिलिमीटर. इंचात ५०० बिंदू असलेल्या पडद्याचा एक बिंदू ०.०५१ मिलिमीटरचा आहे आणि ४६० वाल्याचा ०.०५५ मिलिमीटरचा. दोन्ही डोळ्याच्या मर्यादेच्या बरेच खाली. इंचात ३९० बिंदू असलेल्या मध्यम किमतीच्या फोनचा बिंदू ०.०६५ मिलिमीटरचा, तोही मर्यादेखालीच. ज्या फरकाला पाहणारा डोळाच नाही, त्या फरकाला पैसे का मोजावेत?

पाच हजार काय?

बॅटरीचे आकडे बाईंच्या कागदावर असे होते: सॅमसंग ५०००, गूगल ५०५० मिलिअँपिअर-तास. ॲपल हा आकडा आपल्या माहितीपत्रकात देत नाही.

पहिली गोष्ट, मिलिअँपिअर-तास हे विद्युतभाराचे एकक आहे, ऊर्जेचे नाही. ऊर्जा काढायची तर विभवांतराने गुणावे लागते. फोनच्या घटाचे सरासरी विभवांतर ३.८५ व्होल्ट धरले, तर ५ अँपिअर-तास × ३.८५ = सुमारे १९ वॉट-तास, म्हणजे ६९ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेत कपभर पाणी जेमतेम उकळीला येईल! पॉवर बँकेचे कोडेही इथेच सुटते. तिच्यावरचे १०,००० मिलिअँपिअर-तास आतल्या ३.७ व्होल्टच्या घटांचे असतात. बाहेर ५ व्होल्टने वीज देताना तीच ऊर्जा ७४०० मिलिअँपिअर-तासांपुरती उरते आणि रूपांतरातील घट धरली, तर त्याहूनही कमी. फसवणूक नाही, पण एकक नीट पाहिले नाही तर गैरसमज ठरलेला.

दुसरी गोष्ट, ५०५० आणि ५००० यांतील फरक खरा आहे का? बारीक अक्षरांत कंपन्याच सांगतात, की हे सर्वसाधारण आकडे आहेत. किमान हमी सॅमसंगची ४८५५ आणि गूगलची ४९५० आहे. म्हणजे एकाची व्याप्ती ४८५५ ते ५०००, दुसऱ्याची ४९५० ते ५०५०. दोन्ही एकमेकींवर चढलेल्या आहेत. मापनातील अनिश्चितता शिकवायला याहून बरे उदाहरण मिळणे कठीण.

ॲपल तास सांगते, हे जास्त व्यवहारी वाटते. पण त्यातही अट पाहावी. आयफोन १५ प्रो मॅक्सवर साठवलेला व्हिडिओ २९ तासांपर्यंत चालतो, असे कंपनी म्हणते. तोच इंटरनेटवरून आणत पाहिला, तर २५ तासांपर्यंत. फोन एक, कंपनी एक, तरी अट बदलताच चार तास गेले. मग एका कंपनीचे तास दुसऱ्या कंपनीच्या तासांशेजारी ठेवताना किती जपायला हवे!

नाव आणि माप

काही आकडे माप वाटतात, पण ती नावे असतात. आयफोन १५ प्रो मालिकेतील प्रक्रियक '३ नॅनोमीटर' तंत्राचा आहे. वाचणाऱ्याला वाटते, की आतील ट्रान्झिस्टर ३ नॅनोमीटरचे असतील. प्रत्यक्षात या पिढीच्या शेजारशेजारच्या ट्रान्झिस्टरांतील अंतर ४० नॅनोमीटरहून जास्त असते. ३ हा पिढीचा क्रमांक आहे. नवी पिढी कमी विजेत जास्त काम करते हे खरे, पण ४ भागिले ३ करून वेग काढता येत नाही.

पाण्यापासूनच्या संरक्षणाचा 'आयपी ६८' हा शिक्काही असाच. गॅलॅक्सी एस-२३ अल्ट्रासाठी त्याचा अर्थ गोड्या पाण्यात १.५ मीटर खोल, ३० मिनिटे. आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी ६ मीटर खोल, ३० मिनिटे. शिक्का एक, खोली चौपट. कारण शेवटच्या ८ या अंकाची अट कंपनीनेच सांगायची असते.

आणि वेगाच्या परीक्षांचे गुण? परीक्षेपुरता अभ्यास करणारे विद्यार्थी आपल्याला नवे नाहीत. मार्च २०२२ मध्ये गीकबेंच या वेगचाचणीच्या चालकांनी सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस-१० ते एस-२२ या चार मालिका आपल्या तुलनेतून काढून टाकल्या. फोन गरम होऊ नये म्हणून खेळ आणि इतर कामे मंद करणारी प्रणाली चाचणी चालू असताना मात्र तिला मंद करत नव्हती, असे आढळले होते.

चंद्र कोणाचा?

शाळेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढचा. मार्च २०२३ मध्ये एका जिज्ञासू वापरकर्त्याने साधा प्रयोग केला. चंद्राचे एक छायाचित्र घेतले, ते १७० × १७० बिंदूंइतके लहान केले आणि आणखी धूसर केले. विवरांचा तपशील त्यात उरलाच नाही. ते संगणकाच्या पडद्यावर ठेवून खोलीत अंधार केला आणि लांबून गॅलॅक्सी एस-२३ अल्ट्राने त्याचा फोटो काढला. फोटोत चंद्रावरचे डाग आणि विवरे स्पष्ट दिसू लागली! जे समोर नव्हतेच, ते फोटोत आले कुठून? दृश्य ओळखून सुधारणारी सोय चालू असली, की फोन चंद्राला ओळखतो आणि अनेक चंद्रचित्रांवरून शिकलेल्या संगणकप्रणालीने तपशील वाढवतो, असे सॅमसंगनेही नंतर स्पष्ट केले. ही सोय बंद करता येते.

घरच्या अल्बमसाठी यात काही वाईट नाही. पण प्रयोगवहीत? मुलाने चंद्राचा फोटो काढला आणि त्यातील विवर मोजले, तर त्याने निरीक्षण मोजले की फोनचा अंदाज? कमीअधिक प्रमाणात सगळेच आधुनिक फोन चित्रे सुधारतात. म्हणून शाळेसाठी कॅमेरा घेताना पहिला प्रश्न असा हवा: या सुधारणा बंद करता येतात का, आणि संवेदकाने टिपलेले मूळ चित्र जपून ठेवता येते का?

मग घ्यायचा कोणता?

इतके झाल्यावर बाईंचा मूळ प्रश्नच बदलला. 'सर्वांत चांगला कोणता' याऐवजी 'आपल्या कामाला किती पुरते' असे विचारायचे ठरले. मुख्य काम होते सूक्ष्मदर्शकाचे. दहापट वस्तुभिंगाचा अंकीय छिद्रांक ०.२५ असतो. त्यातून वेगळी दिसू शकणारी लहानात लहान अंतरे, तरंगलांबी भागिले छिद्रांकाची दुप्पट, म्हणजे ०.५५ ÷ ०.५ = १.१ मायक्रोमीटर. शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारे वर्तुळ साधारण १.८ मिलिमीटर व्यासाचे धरू. त्यात अशी सुमारे १,६४० अंतरे बसतात. प्रत्येक अंतर टिपायला दोन बिंदू हवेत, म्हणजे व्यासावर सुमारे ३,३०० बिंदू. सगळ्या वर्तुळाला सुमारे ८५ लाख. साडेआठ मेगापिक्सेल! चाळीसपट भिंगाला तर चारच्या आत पुरतात. सूक्ष्मदर्शक याहून अधिक तपशील देतच नाही. मागे २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा लावला, म्हणून तो नवा तपशील कुठून आणणार?

महागडे फोन फुकट महाग असतात, असे मात्र म्हणता येणार नाही. दूरचे पाहणारे वेगळे भिंग, अंधारातील चांगले चित्र, उन्हात वाचता येणारा पडदा, ही खरी वैशिष्ट्ये आहेत. सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हा आकडाही खरा आहे, पण जाहिरातीत तो लहान असतो. पिक्सेल ८ प्रोला सात वर्षांचे वचन होते, एस-२३ अल्ट्राला पाच. सुरुवातीची किंमत भागिले वर्षे केली, तर एकाला वर्षाला सुमारे १५,३०० रुपये पडतात, दुसऱ्याला २५,०००. आमच्या मते बाईंच्या कागदावरील तीन फोनांमध्ये खरोखर मोठा फरक दाखवणारा आकडा हाच होता, आणि तो कागदावर नव्हताच.

शेवटी शाळेने यातला एकही फोन घेतला नाही. पंचवीस हजारांच्या आतला, १२ मेगापिक्सेलचे नीटस चित्र देणारा आणि सुधारणा बंद करता येणारा फोन घेतला. उरलेल्या पैशांतून सूक्ष्मदर्शक आणले आणि फोन नेत्रभिंगावर स्थिर धरणारी एक घोडी गावच्या सुताराकडून करून घेतली. माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण थोडे खट्टू झाले. मोठा फोन देण्याची त्यांची हौस होती. बाईंनी त्यांना एका शनिवारी शाळेत बोलावले आणि त्या नववीच्या मुलीला फळ्यावर गुणाकार करायला उभे केले. ७२, ७२, ७१.

आपल्या वर्गातही हे करता येईल. घरोघरी फोनच्या जाहिराती असतातच. मुलांना कोणत्याही दोन फोनांची माहिती आणायला सांगा आणि प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारू द्या. याचे एकक काय? तो कोणत्या अटीवर मोजला? दोन आकड्यांतील फरक अनिश्चिततेहून मोठा आहे का? आणि तो फरक आपल्या डोळ्याला, हाताला, कामाला कळणार आहे का? चौथ्या प्रश्नापर्यंत फार थोडे आकडे टिकतात. जे टिकतील, त्यांच्यासाठी पैसे मोजायला हरकत नाही.